आणि ही कुठे बसणार?

१९५५ साली ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकी मासिकाने आपल्या वाचकांना एक घरगुती उद्योग सुचवला. विमान बांधा. खर्च आठशे डॉलरच्या आत, आणि तोही इंजिन धरून. विमानाचं नाव बेबी एस, जागा एका माणसापुरती, आणि ते कसं बांधायचं हे समजावून सांगणारे गृहस्थ होते पॉल पोबरेझ्नी. या पोबरेझ्नींनी दोनच वर्षांपूर्वी विस्कॉन्सिनमध्ये घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींची एक संघटना काढली होती आणि तिचा कारभार ते घराच्या तळघरातून हाकायचे. लेख छापून आले आणि चौकशीची पत्रं सुरू झाली. इतक्या लोकांना आठशे डॉलरात आकाशात जायचंय याची तोवर कुणाला कल्पना नव्हती. त्यांच्या बायकांना तर नव्हतीच.

आज त्या संघटनेचा मेळावा दर उन्हाळ्यात ऑशकॉशला भरतो, तेव्हा दहा हजारांवर विमानं तिथे येतात आणि सहा-सात लाख माणसं ती बघायला जातात. त्या आठवड्यात तिथल्या कंट्रोल टॉवरइतका गजबजलेला टॉवर जगात दुसरा नसतो, असं संघटना अभिमानाने सांगते. इतकी गर्दी, आणि त्यातल्या कित्येक विमानांत सीट एकच.

‘इंजिन धरून’ हे मात्र विसरायचं नाही. स्वस्त विमानाच्या जाहिरातीत आकडा वाचायचा नसतो, त्यातलं ‘शिवाय’ शोधायचं असतं. शिकागोच्या एड हीथने १९२६ मध्ये हीथ पॅरासोल नावाचं एकट्याचं विमान काढलं. पुढे त्याच्या सामानाचं खोकं तो १९९ डॉलरला विकायचा, इंजिनाशिवाय. इंजिन म्हणजे हेंडरसन मोटारसायकलचं, ते ज्याचं त्याने मिळवायचं. एकदम पैसे नसतील तर भाग सुटे मागवायचे, या महिन्यात पंख, पुढच्या पगाराला शेपूट. हीथ १९३१ मध्ये एका नव्या विमानाची चाचणी घेताना गेला. कंपनी पुढे दुसऱ्यांच्या हाती आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिने ऑसिलोस्कोप, रेडिओ असल्या वस्तूंची किट विकायला घेतली. जुन्या रेडिओवेड्यांना पाठ असलेलं ‘हीथकिट’ हे नाव इथून आलंय. शहाणपणाचा धंदा केला म्हणायचं. ते किट चुकीचं जोडलं तर फार तर रेडिओ लागत नाही.

सीट एकच का, याचं साधं उत्तर वजन. दुसरी सीट टाकली की दुसरा माणूस आला, माणूस आला की पंख वाढला, पंख वाढला की इंजिन वाढलं, इंजिन वाढलं की पेट्रोलची टाकी वाढली, आणि ती टाकी उचलायला पुन्हा पंख वाढवावा लागला. एका पाहुण्यापायी एवढं. १९८२ मध्ये अमेरिकी सरकारने एकट्या जिवांसाठी ‘भाग १०३’ नावाचा खास नियमच केला. यंत्राचं रिकामं वजन २५४ पौंडांच्या आत, म्हणजे साधारण ११५ किलो. पेट्रोल पाच गॅलन, म्हणजे जेमतेम एकोणीस लिटर. जास्तीत जास्त वेग ५५ नॉट, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. सीट एक. एवढं पाळलं की लायसन्स नको, नोंदणी नको, डॉक्टरचा दाखलाही नको. दाट वस्तीवरून जायचं नाही आणि उजेडी उडायचं, बास. सरकारचा हिशेब उघड आहे. पडला तर एकटा पडेल, शेतात पडेल आणि दिवसाढवळ्या पडल्यामुळे लगेच सापडेल.

या ११५ किलोंनी भल्याभल्यांची झोप उडवलीय. पट्ट्यांना भोकं पाडून वजन उतरवतात, रंगाचा दुसरा हात देत नाहीत, गरजेपेक्षा एक आटा लांब असलेला बोल्ट बदलून आणतात. आणि मौज अशी, की या वजनात उडवणाऱ्याचं वजन धरलेलं नाही. सकाळभर घासूनपुसून पाव किलो वाचवल्याच्या आनंदात माणूस दुपारी अख्खा पिझ्झा खातो आणि तरी कायद्यात बसतो. सीटमध्ये बसतो की नाही हा वेगळा प्रश्न.

याहून जड काही बांधायचं असेल तर ते ‘प्रायोगिक’ गटात जातं. तिथे अट अशी, की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः, शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी केलेलं असलं पाहिजे. सरकारी कागदावर करमणूक ही अट म्हणून घातलेली मला तरी दुसरीकडे कुठे आढळलेली नाही. शिवाय पुरावा लागतो. म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो काढायचे, वही लिहायची. शेवटी बसायच्या जागेजवळ निदान दोन इंची अक्षरांत ‘प्रायोगिक’ असं लिहायचं, म्हणजे आत शिरणाऱ्याला आपण काय करतोय याची आठवण राहते.

आपल्याकडे असलं विमान सरकारपर्यंत पोचायच्या आधीच घरात अडलं असतं. मराठी विमानविद्येचा इतिहास बघा. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, असं सांगतात. त्या विमानाचा पुरावा अजून खाली उतरायचाय, पण सांगणारे हेही सांगतात की आत माणूस नव्हता. म्हणजे सीट शून्य. त्यानंतर थेट कॅप्टन अमोल यादव. त्यांनी कांदिवलीला चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, आणि हे मात्र डोळ्यांनी बघता आलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात ठेवलं होतं आणि २०१७ मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. सीट किती? सहा. शून्य नाहीतर सहा, मधलं काही नाही. सहापेक्षा कमी सीट असत्या तर यादवांना गच्ची मिळालीच नसती असं माझं खासगी मत आहे. ‘मी एकटाच वर जाऊन येतो’ हे वाक्य मराठी घरात गच्चीपुरतंही खपत नाही. ‘येताना वाळलेले कपडे घेऊन ये’ हे मागून येतंच.

एकाच सीटचा हा प्रश्न पहिल्यांदा नेमक्या शब्दांत मांडला तो माझ्या आत्याने. माझा आतेभाऊ मिशिगनमध्ये असतो. आत्या उन्हाळ्यात त्याच्याकडे जाते आणि मी एकदा ती असतानाच तिथे होतो. तिकडे संध्याकाळी फिरायला निघालेल्या आपल्या आईवडिलांना रस्त्यावर माणूस दिसत नाही, ही तक्रार आता जुनी झाली. आत्याला मात्र एक माणूस सापडला होता, कारण त्याच्या गराजचं दार कायम उघडं असायचं. आत दोन घोड्यांवर विमानाचं धड ठेवलेलं आणि भिंतीशी पंख उभा केलेला. गृहस्थ मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला गोड, आणि कुणी आत डोकावलं की हातातलं काम टाकून सगळं पहिल्यापासून सांगणारे. अशा माणसाला आत्यासारखा श्रोता मिळणं म्हणजे दोघांचीही सोय झाली.

आम्ही गेलो तेव्हा पंखावर कापड चढवायचं चाललं होतं. लाकडाच्या फासळ्या म्हणजे अगदी काडीसारख्या बारीक, पंखाचा आकार धरून ओळीने उभ्या. त्यांच्यावर पॉलिएस्टरचं कापड कडेने चिकटवायचं. तेव्हा ते ढिलं असतं, सुरकुत्या असतात. मग त्यावरून इस्त्री फिरवायची. खास विमानाची इस्त्री नव्हे, घरातली. उष्णतेने कापड आक्रसतं आणि सुरकुत्या डोळ्यांदेखत पळतात. ‘सुती’, ‘रेशमी’ असल्या खुणांवर विसंबून चालत नाही, म्हणून त्याने थर्मामीटरने इस्त्री आधी तपासून घेतली होती आणि तिच्या चकतीवर पेनाने खुणा केल्या होत्या. पहिल्या फेरीला २५० अंश फॅरनहाइट, शेवटच्या फेरीला ३५०. त्याच्या फार वर गेलं की ताणलेलं कापड उलट सैल पडतं आणि सगळं उचकटून पुन्हा करावं लागतं. जीभ ओठांत धरून, पावलं न हलवता, इंचाइंचाने इस्त्री नेणारा तो साठीचा माणूस बघण्यासारखा होता. त्याची बायको दारात उभी राहून तेच बघत होती.

“लग्नाला इतकी वर्षं झाली,” ती म्हणाली, “ह्यांनी शर्टाला इस्त्री केल्याचं मला आठवत नाही.”

इस्त्रीच्या मुठीला लाल पट्टी गुंडाळली होती. म्हणजे ही आता कपड्यांना लावायची नाही. आतेभावाने तसं सांगितल्यावर आत्याने मान डोलावली. “म्हणजे सोवळ्यातली,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, की मूळ कुणाची? मूळ अर्थातच बायकोची होती.

मग आत्याने विमानाच्या धडात डोकावून पाहिलं. तिला इंग्रजी चांगलं समजतं, पण प्रश्न महत्त्वाचा असला की ती मराठीतच विचारते. तिने बायकोकडे बोट केलं आणि म्हणाली, “आणि ही कुठे बसणार?”

आतेभावाने भाषांतर करायला जरा वेळ लावला. त्या गृहस्थाने इस्त्री खाली ठेवली. दोन-तीन वर्षांच्या कामात हा मुद्दा निघालाच नव्हता, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. शेवटी तो म्हणाला, की ती गाडीला ट्रेलर जोडून विमान मैदानावर आणेल आणि उतरल्यावर घरी नेईल. पंख काढून ठेवता येतात.

“हं,” आत्या म्हणाली. तिच्या ‘हं’चं भाषांतर आतेभावाने केलं नाही.

घरी परतताना मला वाटलं, की आत्याने या सगळ्या छंदाची नाडी पकडली. एका सीटचं विमान एकट्याने बांधून होतच नाही. अॅल्युमिनियमचं असेल तर रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून बंदूक धरतो आणि दुसऱ्याने आत शिरून पत्र्यामागे लोखंडी ठोकळा दाबून धरायचा असतो. आत शिरण्याइतकं बारीक माणूस घरात बायको नाहीतर मूल. लाकडाचं असेल तर डिंक वाळेपर्यंत धरून ठेवायला हात हवेत, कापडाला कात्री धरायला हात हवेत, फोटो काढायलाही कुणीतरी हवंच, कारण निम्म्याहून अधिक काम ‘स्वतः’ केल्याचा पुरावा दुसऱ्यालाच काढावा लागतो. दिवाणखान्यात पंख ठेवला की पाहुण्यांनी कुठे बसायचं हाही प्रश्न येतो. आणि हे सगळं कशासाठी? तर एक माणूस एकटा वर जाऊन यावा यासाठी.

मिशिगनचा तो गृहस्थ दमून पंख नसलेल्या धडात बसतो, दांडा हलवतो आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढतो, हे त्याच्या बायकोने आत्याला विश्वासात घेऊन सांगितलं. हे सगळेच करतात. या जमातीत ते गैर मानत नाहीत, फक्त त्या वेळी गराजचं दार लावून घेतात.

विमानाचं वजन करायचा दिवस आला तेव्हा आमच्या घरातून न्हाणीघरातला वजनकाटा मागायला तो आला. तीन चाकं, म्हणून तीन काटे. चाकागणिक वजन घ्यायचं, मग गणित मांडून भार नेमका कुठे येतो ते काढायचं, आणि तो बिंदू ठरलेल्या जागी नसेल तर विमान नाकावर तरी जातं नाहीतर शेपटीवर बसतं. एक काटा त्याचा, एक पलीकडच्यांचा आणि एक आतेभावाचा. आतेभावाचा काटा दोन किलो कमी दाखवतो, हे त्याच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सौजन्याने कुणी बोलत नव्हतं. ते आत्याने ऐनवेळी फोडलं. मग तो गृहस्थ पाळीपाळीने तिन्ही काट्यांवर उभा राहिला, फरक लिहून घेतला आणि सगळं गणित पुन्हा मांडलं. अमेरिकी हवाई सुरक्षेत आमच्या घराण्याचं एवढं योगदान आहे.

या वेडाचे मूळपुरुष मात्र फ्रान्समधले. आधी सांतोस-द्यूमाँ, ब्राझीलचा श्रीमंत मुलगा, पॅरिसमध्ये राहणारा. त्याने बांबूचं ‘दमोआझेल’ नावाचं एकट्याचं विमान केलं, त्यावर हक्क राखायचा नाही असं ठरवलं, आणि १९१० मध्ये ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ने त्याचे आराखडे चक्क छापले. पण खरा अवलिया आंरी मिन्ये.

मिन्येला विमानाचं वेड होतं आणि विमान नीट चालवता येत नव्हतं. चारचौघं अशा वेळी शिकवणी लावतात. मिन्येने निष्कर्ष काढला की चूक विमानाची आहे. हाताने दांडा आणि पायाने पेडल, दोन्हींचा ताळमेळ त्याला जमेना, तेव्हा त्याने पेडलंच काढून टाकली. पंखांच्या टोकांच्या हलत्या झडपा काढल्या. एक पंख पुढे, एक मागे आणि जरा खाली, पुढचा पंख अख्खाच्या अख्खा बिजागरीवर वरखाली होणारा, आणि सगळा कारभार एका दांड्यावर. पंखांची लांबी सुमारे सहा मीटर, इंजिन मोटारसायकलच्या जातीचं. सोआसाँजवळच्या एका रानात त्याचे प्रयोग चालत आणि १० सप्टेंबर १९३३ रोजी ते विमान उडालं. नाव ठेवलं ‘पू-द्यू-सिएल’, आभाळातली ऊ. इंग्रजांनी जरा अब्रू राखली आणि तिची पिसू केली.

१९३४ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं. कुठल्या लाकडाची पट्टी घ्यायची, डिंक कुठला, खिळा कुठे, सगळं गप्पा मारल्यासारखं. ज्याला साधं सामानाचं खोकं ठोकता येतं त्याला विमान बांधता येईल, हा त्याचा एकूण सूर. जगात स्वतःला खोकं ठोकता येतं असं न मानणारा पुरुष जन्मायचाय. १९३५ मध्ये पुस्तक इंग्रजीत आलं आणि महिन्याभरात सहा हजार प्रती खपल्या. त्याच ऑगस्टमध्ये मिन्ये स्वतः आपल्या उवेत बसून इंग्लिश खाडी ओलांडून आला. मग काय विचारता! गराजांत, शेडांत, गावच्या सभागृहांत करवती चालू झाल्या. खर्च शंभर पौंडांच्या आत. शेकडो लोकांनी काम सुरू केलं. बरीचशी विमानं इंजिन अशक्त असल्यामुळे मैदानावर नुसत्या उड्या मारून थांबली. ती माणसं भाग्यवान.

कारण पुढे अपघात सुरू झाले आणि माणसं गेली. फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये अखेर अख्खं विमान वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासलं, तेव्हा दोष सापडला. दोन पंख एकमेकांच्या फार जवळ होते. नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेलं, की ते वर आणायला चालक दांडा मागे ओढणार. त्याने पुढचा पंख कलायचा आणि दोघांमधल्या फटीतून हवा अशी काही जायची, की उचल मागच्या पंखालाच जास्त मिळायची. म्हणजे सावरायला जावं तो नाक आणखी खाली. चालकाने शिकवल्याप्रमाणे सगळं बरोबर केलं तरी विमान जमिनीकडेच जाणार. ब्रिटनमध्ये उडण्याचे परवाने थांबले. घरोघरी लोकांनी खोकी अगदी व्यवस्थित ठोकली होती. त्या खोक्याला हवेत काय होतं, हे खुद्द मिन्येलाही पुरतं ठाऊक नव्हतं.

त्याने हार मानली नाही, दोष काढले, नवी विमानं काढत राहिला. फ्रान्समध्ये त्याच्या जातीची विमानं आजही उडतात आणि ती उडवणारे एकत्र जमतात. त्यांच्यातल्या दानिएल दाल्बी या गृहस्थाने तर हद्द केली. त्याने दुकानात मिळणाऱ्या अॅल्युमिनियमच्या शिड्या घेतल्या आणि त्यांचाच सांगाडा करून विमान उडवलं. शिडी बनवणारे घाबरले. आपली शिडी भिंतीला टेकवून वापरायची आहे, तिच्यावर बसून ढगात जायचं नाही, एवढं त्यांचं म्हणणं. पुढच्या आवृत्तीत शिडीऐवजी नळ्या आल्या.

अमेरिकेत मात्र लोकांना शिडी नको होती, जेट हवं होतं. १९७१ मध्ये जिम बीड यांचं बीडी-५ उडालं. एकट्याचं, पाठीमागे पंखा, दिसायला लढाऊ विमानाचं पिल्लू. किंमत जाहीर केली १,९५० डॉलर, नंबर लावायला २०० डॉलर. हजारोंनी नंबर लावले. पुढचं आपल्याकडच्या पुनर्विकासात अडकलेल्या कुठल्याही सोसायटीला समजावून सांगायची गरज नाही. आधी रंगीत चित्रं, मग बुकिंगची रक्कम, मग थोडाबहुत ताबा, आणि लिफ्ट नंतर येईल. इथे लिफ्टऐवजी इंजिन नंतर येणार होतं. जर्मनीतली इंजिन कंपनी बुडाली. मग जपानी इंजिन ठरलं, तेही बहुतेकांपर्यंत पोचलं नाही. लोकांच्या गराजमध्ये इंजिनाशिवाय विमानं पडून राहिली आणि १९७९ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. विकली गेलेली किट पाच हजारांवर, उडालेली विमानं काही शेकड्यांच्या आत. १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’ चित्रपटात याच विमानाचं जेट रूप आहे. जेम्स बाँड येतो, बसतो, उडतो. त्याला नंबर लावावा लागला नाही.

मला स्वतःला सगळ्यांत आवडतो तो सॅन डिएगोचा बड एव्हान्स. विमान कंपनीत अभियंता, म्हणजे सुंदर विमान कसं असतं ते त्याला पक्कं माहीत. तरीही त्याने १९६८ मध्ये उडवलेलं व्हीपी-१ मुद्दाम ओबडधोबड केलं. प्लायवुडचा सरळ चौकोनी सांगाडा, फोक्सवॅगन बीटलचं चाळीस अश्वशक्तीचं इंजिन, चालक उघड्यावर. रूप मागू नका, वेग मागू नका, बांधायला सोपं मागा, असं त्याने पहिल्यापासून ठरवलेलं. या व्यवसायात हा प्रामाणिकपणा फार दुर्मीळ. बीटलच्या इंजिनाचं या मंडळींना वेडच आहे. ते वाऱ्याने थंड होतं, पाणी लागत नाही, आणि पंख्याला झेपेल इतक्या फेऱ्यांत पुरेशी ताकद देतं. टेक्सासच्या लेनर्ड मिलहोलँडने तर ११५ किलोंच्या नियमात बसायला चार सिलिंडरचं ते इंजिन मधोमध कापलं आणि दोन सिलिंडरवर आपलं ‘लीगल ईगल’ उडवलं. या अर्ध्या इंजिनाचं नाव त्याने ‘बेटर हाफ’ ठेवलं. म्हणजे सीट एक असली तरी बेटर हाफ विमानात आहेच. पुढे, वाऱ्यात, अखंड काम करत.

या छंदात एक गणित प्रसिद्ध आहे. विमान नव्वद टक्के झालं की आणखी नव्वद टक्के राहतं. पंख, शेपूट, चाकं हे भराभर होतं आणि घरच्यांना वाटतं आता उडणारच. मग तारा, नळ्या, गळती, काच, कागदपत्रं. बरेच जण इथेच थकतात आणि ‘नव्वद टक्के पूर्ण’ अशी जाहिरात देऊन अर्धवट विमान विकतात. विकत घेणारा त्यातलं निम्मं उचकटून पुन्हा बांधतो, कारण आधीच्याने कसं बांधलंय यावर त्याचा विश्वास नसतो. भाव ठरवताना बहुतेक वेळा विकणाऱ्याची बायको बोलते आणि ती घासाघीस करत नाही.

मिशिगनच्या गृहस्थाने मात्र पुरं केलं. आतेभावाने व्हिडिओ पाठवला. त्यात मैदान दिसतं, आकाश दिसतं, आतेभावाचे बूट दिसतात. विमान फारसं दिसत नाही, कारण काढणारा पळत होता. पण इंजिनाचा आवाज स्वच्छ येतो, आणि त्या गृहस्थाची बायको ‘ट्रेलरची किल्ली तुझ्याकडे आहे!’ असं वर बघून ओरडतेय तेही येतं. विमान उतरलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक कापला.

महिन्याभरात माणूस बेचैन. गराज मोकळं झालं होतं, बायको तिथे गाडी लावायला लागली होती. त्याने नव्या किटची मागणी नोंदवली आणि या खेपेला दोन सीटची. ‘तुमच्या प्रश्नामुळे’ असं त्याने आत्याला मुद्दाम कळवलं. आत्याचा ऊर भरून आला. बायकोने मात्र आपण त्यात पाऊल ठेवणार नाही असं सांगून टाकलंय. पहिलं विमान कसं बांधलंय हे तिने रोज दारात उभं राहून पाहिलेलं आहे.

मग त्याने आत्यालाच विचारलं. व्हिसा अजून चार वर्षं आहे, गुडघेही बरे आहेत, तेव्हा तिने नाही म्हटलेलं नाही. अट एकच घातलीय. वजनाचा काटा आमच्या घरून न्यायचा नाही.